सुकूनतीचा रकाना

"तुमच्या कागदात आमच्या गावात पोरं जन्मतच न्हाईत म्हणं," शिवलिंगप्पा म्हणाले. "खरं हाय. जन्मत न्हाईत. पण हुंदडतात लई."

ऑफिसातले दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही. ज्या कागदाबद्दल ते बोलत होते तो मी केलेला होता.

शिवलिंगप्पा आंबेहाळचे. त्यांचं किराणा-भुसाराचं लहानसं दुकान होतं. पन्नाशीचे असतील. कपाळाला भस्म, खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. जळकोटपर्यंत पायी आणि तिथून मोटारीनं, असे दोन दिवस मोडून ते उस्मानाबादेला आले होते. हातात पुड्या बांधायच्या कागदांची चळत होती. त्यावर शाईनं नावं लिहिलेली.

गावांची नावं मी इथं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

निजामाचं राज्य होतं आणि मोठी लढाई चालू होती. मी चोवीस वर्षांचा. मोहतमीम तालीमात, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, यांच्या कचेरीत मी अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून. त्यातही मुनसरीम, म्हणजे हंगामी. पक्की नेमणूक व्हायची होती. तिची मिसल, म्हणजे फाईल, वर गेली होती.

त्या साली आमच्या जिल्ह्याला काही नव्या प्राथमिक शाळा मिळणार होत्या. त्या कोणत्या गावात काढायच्या, ते ठरवायचा तख्ता, म्हणजे तक्ता, माझ्याकडं आला. आधीचे लोक हे काम कसं करत ते मला माहीत होतं. ज्या गावचा पाटील तीनदा कचेरीत येऊन बसला, त्या गावाला शाळा. मला ते पटत नव्हतं. मी मॅट्रिक झालेलो, गणितात बरा. मी एक पद्धत बसवली.

पद्धत साधी होती. आज जन्मलेलं पोर सहा वर्षांनी शाळेच्या दारात उभं राहणार. म्हणजे गेल्या काही वर्षांतले जन्म घ्यायचे, त्यातून दगावलेली वजा करायची. उरतील ती येत्या वर्षांतली शाळेची पोरं. मग नकाशावर गावाच्या ठिकाणी परकाराचं टोक ठेवायचं आणि दोन मैलांचं वर्तुळ काढायचं. लहान पोर एका वेळेला दोन मैलांच्या वर चालत नाही, असं आम्ही धरत होतो. ज्या वर्तुळात पोरं जास्त, तिथं शाळा.

जन्म-मृत्यूचं रजिस्टर पोलीस पाटलाकडं असे. त्याचा गोषवारा, म्हणजे नुसत्या बेरजा, तहसिलीत येत. मी सगळ्या तहसिलींतून गोषवारे मागवले. दोन महिने बसून तख्ता केला. मोहतमीम साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला.

"अरे भई, ये तो बहुत साफ काम है," ते म्हणाले. "कोई पटेल आए, उसको यही दिखाओ."

साहेब हैदराबादचे. कमी बोलणारे, कागद पूर्ण वाचणारे. त्यांनी सही केली आणि तख्ता वर गेला.

त्या तख्त्यात उमरग्याकडच्या अंगाला सोनखडी नावाचं गाव होतं. साठेक घरांचं, पण जन्म भरपूर. तिथून तीन मैलांवर आंबेहाळ. मरदुमशुमारीत, म्हणजे जनगणनेत, आंबेहाळ सोनखडीच्या दुप्पट. पण जन्म अगदी थोडे. मी थबकलो होतो, नाही असं नाही. मग मीच अर्थ लावला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'आंबेहाळ हे म्हातारं गाव आहे.' शाळा सोनखडीला दिली.

तहसिलीतल्या कुणीतरी शिवलिंगप्पांना हे वाचून दाखवलं होतं.

"म्हाताऱ्या गावचा म्हातारा आलाय साहेब," ते म्हणाले आणि कागदांची चळत माझ्यापुढं ठेवली. "मोजा."

अडुसष्ट नावं होती. नाव, बापाचं नाव, वय. मी चाळली.

"यात मुलीही आहेत."

"का? त्या काय पायानं चालत न्हाईत?"

"तशा धरत नाहीत आम्ही."

"बरं. मग पोरीस्नी आमी धरतो, पोरांस्नी तुमी धरा. तरीबी सोनखडीपरीस जास्ती भरतात."

"पण जन्म तर सोनखडीत जास्त आहेत," मी म्हणालो.

"व्हय की. आमचीच हायत ती. सोनखडीत गिरिजव्वा हाय, सुईण. तिचा पाय मोडका. ती कुठं जात न्हाय, बायाच तिच्याकडं जातात. आमच्याच न्हाय, चार कोसांतल्या. नववा लागला की गाडीत घालायचं आन् सोनखडीला सोडायचं. बाराव्या दिशी लेकरू घेऊन माघारी. आता सांगा, पोर कुठलं?"

मी म्हणालो, "रजिस्टरात जिथं लिहिलं तिथलं."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बोललो ते अगदी सहज बोललो.

शिवलिंगप्पांनी घोंगडी सावरली. मग सरळ साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. साहेबांनी त्यांना आत घेतलं, ऐकून घेतलं, मग मला बोलावलं.

"मौके पर जाओ. तस्दीक करो. मंजुरी आने से पहले रिपोर्ट दो."

तस्दीक म्हणजे जागेवर जाऊन खरंखोटं करणं. साहेबांनी याहून जास्त काही सांगितलं नाही. त्यांचं काहीच चुकलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर बरीच वर्षं मी मनात त्यांच्यावर ढकलत होतो.

लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतरून ढकलायचं. जळकोटला उतरलो. पुढं बैलगाडी मिळाली. तिसऱ्या प्रहरी सोनखडीत पोचलो.

गिरिजव्वांचं घर विचारावं लागलं नाही. गावात शिरल्या शिरल्या लांब पडवीचं घर होतं आणि पडवीत पाच-सहा बाया बसल्या होत्या. सगळ्यांचे दिवस भरत आलेले. कुणी शेंगा फोडत होती, कुणी गोधडी शिवत होती. एक माझ्याकडं बघून आत गेली. मी अंगणात अवघडून उभा.

"बर्‍रि, कुंद्रि," आतून आवाज आला. या, बसा. गिरिजव्वा काठी टेकत बाहेर आल्या. सत्तरीच्या असतील. "कुणाचं माणूस? बायकूला कितवा?"

"मी कचेरीतून आलोय. शाळेच्या कामाला."

"मग हितं कशाला आलास? हितं शिकवत न्हाईत, हितं नुसतं काढत्यात."

पडवीतल्या बाया पदराआड हसल्या. माझे कान तापले. तरी विचारलं, "या बाया कुठल्या?"

"इचार की त्येस्नी. मुक्या हायत व्हय?"

मी विचारलं. एक कानडी मुलखातली. एक जळकोटकडची. तिघी आंबेहाळच्या. सोनखडीची एक.

"गावचीबी हाय की एक," गिरिजव्वा म्हणाल्या. "गावाला न्हाय म्हणता येत न्हाय."

तिथून पोलीस पाटलांकडं गेलो. हे पाटील तिशीतले, हौशी माणूस. अक्षर मोत्यासारखं. इतर गावचे पाटील वर्षाच्या शेवटी आठवून आठवून जन्म लिहीत. हे रोजचे रोज लिहीत. गिरिजव्वांच्या पडवीत थाळी वाजली की वही उघडत. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं.

"बघा साहेब. जिल्ह्यात असं रजिस्टर दावा दुसरं."

मी बघितलं. पानावर सात रकाने होते. पाचवा रकाना सुकूनतीचा. सुकूनत म्हणजे राहण्याचं ठिकाण. मूल जन्मलं कुठंही, बाप राहतो कुठं ते त्यात लिहायचं. बहुतेक पाटील तो रकाना कोरा सोडत. या गृहस्थांनी एकही कोरा सोडलेला नव्हता. आंबेहाळ. आंबेहाळ. जळकोट. आंबेहाळ. सोनखडी. आंबेहाळ.

उत्तर सरकारच्या वहीत, सरकारच्या शाईनं लिहिलेलं होतं. तहसिलीनं फक्त खालची बेरीज उचलली आणि मी तहसिलीची बेरीज उचलली. जिल्ह्यातल्या सगळ्यांत चांगल्या रजिस्टरानं माझा तख्ता चुकवला होता.

मी बराच वेळ पानं उलटत बसलो. पाटलांच्या लक्षात आलं.

"शाळा हितं व्हणार न्हवं?" त्यांनी हळू विचारलं.

"बघू."

"म्या सुकूनत लिवायला नको व्हती का?"

"नाही. लिहिली ते बरोबरच केलंत."

त्यांनी वही मिटली. मी उठलो.

तिथून आंबेहाळ तीन मैल. सपाट माळ, गाडीवाट चांगली. गाडीवान म्हणाला, "जायाचं का आंबेहाळला? दिस हाय अजून." मी म्हणालो, "नको. काम झालं." परत फिरलो.

का गेलो नाही? मोटार चुकेल, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण मला त्याच वेळी ठाऊक होतं. ती अडुसष्ट पोरं डोळ्यांनी बघितली असती, तर मला पाहिजे तो रिपोर्ट लिहिता आला नसता. आणि मला कोणता रिपोर्ट पाहिजे होता, हे वाटेतच ठरलं होतं.

कचेरीत परतलो तर शिपायानं दारातच मुबारक म्हटलं. तख्ता वर पसंत पडला होता. दुसऱ्या जिल्ह्यांनीही असाच तख्ता करावा, असं पत्र आलं होतं. माझी मिसलही हलली होती. साहेब म्हणाले, "आठ दिन में मुस्तकिल हो जाओगे." मुस्तकिल म्हणजे पक्के.

मग म्हणाले, "वो आंबेहाळ का क्या हुआ?"

मी म्हणालो, "लिखके देता हूं, साब."

घरी आई होती, दोन बहिणी होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही. अनेकांच्या घरी आई आणि बहिणी असतात. मला भीती होती ती वेगळी. आंबेहाळ चुकलं हे कबूल केलं, तर साहेब विचारणार, मग बाकीची गावं बरोबर कशावरून? सगळा तख्ता पुन्हा तपासायला लागला असता. ज्या पद्धतीचं कौतुक झालं, ती अर्धी कच्ची निघाली असती. चोवीस वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कुणी हुशार म्हटलं होतं. ते मला सोडवेना.

मी उर्दूत एक ओळ लिहिली. मराठीत ती अशी होईल: 'अर्जात दिलेली संख्या जन्माच्या गोषवाऱ्यावरून साबित होत नाही.'

ही ओळ नीट वाचा. ती खोटी नाही. गोषवाऱ्यावरून खरंच साबित होत नव्हती. मूळ वहीवरून होत होती, आणि वहीचं नाव मी घेतलं नाही. तस्दीकला गेलो होतो, काय बघितलं, पडवीत कोण बसलं होतं, यातलं एक अक्षर नाही. साहेबांनी ओळ वाचली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी खाली सही केली. पुडीच्या कागदांवरची अडुसष्ट नावं मिसलीत लागली आणि मिसल दप्तरात गेली.

आठ दिवसांनी मी मुस्तकिल झालो.

सोनखडीत शाळा निघाली. पहिल्या वर्षी हजेरीवर अकरा पोरं. सुरुवातीला आंबेहाळची चार-पाच मोठी मुलं माळ तुडवत यायची. पेरणी लागली तशी थांबली, ती पुन्हा आली नाहीत. मास्तरांनी वर लिहिलं, पोरं नाहीत. मी त्यावर शेरा मारला, 'पालकांत शिक्षणाची गोडी नाही.' पुढं दंगलीचे दिवस आले. मास्तर बदली करून घेऊन गेले आणि शाळा बंद पडली. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. नव्या सरकारनं शाळा काढल्या, त्यात आंबेहाळचा नंबर लागला. तोवर मधली सहा वर्षं गेली होती. शाळेचं वय सहा ते अकरा. सहा वर्षं म्हणजे ते वय संपलंच.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मला सगळ्यांत जास्त बोचते. पुढच्या वेळी तख्ता करताना मी गोषवाऱ्यासोबत सुकूनतीचा रकाना मागवला. साहेबांनी विचारलं, "ये नया क्या है?" मी म्हणालो, "इससे और साफ आता है." ते खूश झाले. म्हणजे पद्धत मी सुधारली. बाकीच्या तालुक्यांना तिचा फायदा झाला. फक्त ज्या गावानं मला ती शिकवली, त्या गावाची मिसल मी उघडली नाही.

गेल्या वर्षी सर्व्हेसाठी आंबेहाळला जायची वेळ आली. आता मी जिल्हा परिषदेत आहे. काम तेच. शाळेला वर्ग वाढवून द्यायचे का, हे बघायचं होतं. वीस वर्षांत मी या गावची कामं दुसऱ्यांना देत आलो होतो. या खेपेला कुणी नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसलो. पालक फॉर्म भरायला येत होते. तिशीच्या आतला एक जण मुलाला घेऊन आला. त्यानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. मी लिहिता लिहिता थांबलो. पुडीच्या कागदावरचं चौथं नाव. वय सात. नावं मला पाठ आहेत, ती पाठ करावी लागली नाहीत.

"सही," मी म्हणालो.

त्यानं डावा अंगठा पुढं केला. मी शाईचा पॅड सरकवला. अंगठा उमटल्यावर तो पायजम्याला पुसत म्हणाला, "पोराला सही शिकवा मातर. आमचं ऱ्हायलं."

"का राहिलं?"

"तवा शाळा न्हवती की."

काम संपवून मी शिवलिंगप्पांच्या दुकानात गेलो. सत्तरीच्या पुढं गेलेले, दृष्टी अधू, पण गल्ल्यावर तेच. मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. ओळखलं की नाही, कळेना. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पडवी, वही, सुकूनत, ती ओळ. इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, पण तोंडातून फार वेडंवाकडं आलं.

त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "ते आमाला तवाच ठावं व्हतं."

"काय?"

"सोनखडीचा पाटील माझ्याच दुकानात यायचा ना. त्यानं दुसऱ्या दिशीच सांगितलं, साहेबानं वही बगितली, पानावर बोट ठिवून बगितली. आमी म्हटलं, झालं आपलं काम. पंधरा दिस वाट बगितली. मग कळलं."

"मग तुम्ही पुन्हा का आला नाहीत? वर तक्रार का केली नाहीत?"

"कुणाकडं? वरून कागद फिरून तुमच्याच टेबलावर येनार. तस्दीक तुमीच करनार." त्यांनी गिऱ्हाइकासाठी तराजूत साखर घातली. "तुमचं वय लहान व्हतं. भ्यालं असंल पोरगं, म्हटलं."

मी म्हणालो, "माफी मागायला आलो होतो."

"मला कशाला मागता? म्या शाळंत जानार व्हतो व्हय?" त्यांनी तराजूतली साखर पुडीत ओतली, दोरा गुंडाळला, गिऱ्हाइकाच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मोजायला आलाय न्हवं? मग मोजा. शाळंत बसून न्हाय, घरोघर. पोरीस्नीबी धरा या टायमाला."

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेलो. पोरीही धरल्या. दोन वर्ग मागायला गेलो होतो, तीन मागितले आणि तीन मिळाले. त्या अडुसष्टांतल्या एकालाही त्याचा उपयोग नाही. त्यांच्या पोरांना होईल.

आता माझ्या हाताखाली नवे लोक येतात. ते माझ्याहून जास्त शिकलेले आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो. बेरजेवर जाऊ नका, मूळ वही मागा. वही बघितलीत तरी गावात जा. पोर कुठं जन्मलं हे विचारू नका, रात्री कुठं झोपतं ते विचारा. आणि एखाद्या गावात जायचं टाळावंसं वाटलं, तर त्याच गावात आधी जा.

सोनखडीहून आंबेहाळ तीन मैल. लहान पोराला ते जास्तच होते. मला नव्हते.